गोधडी घड्याळ

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२० नोव्हेंबर १९९९

ती. आक्का,
पाया पडतो.

लग्न होऊन सहा महिने झाले आणि तुला पहिलं पत्र आज लिहितोय. तेव्हा आधी पोटभर शिव्या घालून घे आणि मग पुढं वाच. फोन का करत नाहीस म्हणून तू निरोप धाडला होतास. घरात फोन आहे, पण तो मामांच्या उशाशी आहे. मी बोलायला लागलो की ते हातातला पेपर खाली ठेवतात आणि ऐकत बसतात. सासऱ्यासमोर बहिणीशी काय बोलायचं? त्यापेक्षा पत्र बरं.

प्रिया चांगली आहे, माझी काळजी घेते. घर मोठं आहे. बाळासो इंगवले म्हटलं की पेठेत लोक ‘घड्याळवाले का?’ असं विचारतात. पण मामा घड्याळं विकत नाहीत, जमवतात. माडीवर काचेची कपाटं आहेत, त्यात लष्करातल्या माणसांची, वकिलांची, मास्तरांची जुनी घड्याळं ओळीनं मांडलेली. सगळ्यांत मानाचं आहे ते त्यांच्या वडिलांचं साखळीचं घड्याळ. वडील संस्थानाच्या शिकारखान्यात होते आणि दरबारातून त्यांना ते बक्षीस मिळालं होतं. ते बघायला लांबून माणसं येतात.

मामांचा लाडका शब्द एकच, ओरिजनल. डायलवर डाग पडलेला असो, काटा गंजलेला असो, ओरिजनल आहे ना, मग हात लावायचा नाही. पहिल्याच आठवड्यात मी एका घड्याळाची ओरखडलेली काच पॉलिश करून लख्ख केली आणि शाबासकीसाठी पुढं धरली. मामा असे बघत राहिले, जणू मी देव्हाऱ्यातला टाक घासून सपाट केलाय.

माझं काम म्हणजे रोज सकाळी चावी द्यायची. जी चालतात त्यांना चावी आणि जी चालत नाहीत त्यांच्यावर कोरडं फडकं. खालचा रस्त्याकडचा गाळा दुकानासाठी देणार, हे लग्न ठरवताना ते तुझ्यासमोरच बोलले होते. तेव्हा दिवाळीनंतर म्हणाले, आता संक्रांतीनंतर म्हणतात. त्यांच्या भरवशावर मी गारगोटीच्या स्टँडवरचं माझं घड्याळदुरुस्तीचं खोकं विकून आलो, ते बरं केलं ना गं?

तुझा,
कृष्णात

---

गारगोटी
५ डिसेंबर १९९९

चि. कृष्णातास आक्काचा आशीर्वाद, आणि त्याच्या आधी पाठीत एक धपाटा.

माडीवर बसून घड्याळांना चावी द्यायची, याला तू काम म्हणतोस आणि वर तक्रार करतोस? तुझे दाजी पहाटे उठून डेअरीत दुधाचे कॅन उचलतात. त्यांना म्हटलं, जाताय काय कृष्णाच्या जागी? तर म्हणाले, आत्ता निघतो की! सासरा शिस्तीचा आहे, म्हणजे माणूस सरळ आहे. दुभत्या गाईच्या लाथा गोड मानाव्यात. गाळा आज ना उद्या मिळेल. त्यांना तरी दुसरं कोण आहे? एकच पोरगी, म्हणून तर तुला घरजावई करून घेतलं.

इथं स्टँडवर मी सगळ्यांना सांगते, आमचा कृष्णा कोल्हापुरात घड्याळांच्या राजवाड्यात राहतो. तेव्हा माझं हसं होईल असं काही करू नकोस.

आणि हो, आबांचं घड्याळ मागं पडायला लागलंय. तू शाळेत असताना जोडलेलं तेच. आबांच्या हातातलं फेवर लुबा कंपनीचं घड्याळ एसटीच्या बॉनेटखाली चिरडलं, तेव्हा तू एकाची केस, दुसऱ्याचे काटे आणि तिसऱ्याची डायल आणून ते पुन्हा चालतं केलंस. आबांनी रिटायर होईपर्यंत त्याच्यावरच गाडी सोडली, डेपोतल्या घड्याळावर कधी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात ते द्यायचं मला जीवावर येतं. एक दिवस ये आणि बघून जा. प्रियालाही आण.

आक्का

---

कोल्हापूर
२० ऑगस्ट २०००

ती. आक्का,

राखी पोचली. मी आलो नाही म्हणून तू रुसली असशील. निघणारच होतो, पिशवीही भरली होती. मामा म्हणाले, ‘‘चावी कोण देणार?’’ मी म्हटलं, ‘‘एक दिवस तुम्ही द्या की.’’ तर म्हणाले, ‘‘माझा हात कापतोय, जावईबापू. स्प्रिंग तुटली तर ओरिजनल आणाय कुठं जायाचं?’’ झालं, पिशवी रिकामी केली.

गाळा उघडला. आनंदानं नाचू नकोस. त्यात मामांनी आणखी काचेची कपाटं लावली आणि वर ‘इंगवले घड्याळ संग्रह’ अशी पाटी. माझी हत्यारांची पेटी त्यांच्या कपाटात कुलपात आहे, ‘‘उगं हात शिवशिवाय नको’’ म्हणून. परवा कोडोलीहून एक म्हातारा बंद पडलेलं घड्याळ घेऊन आला. ते बिघडलंय तरी काय हे मला बाहेरूनच कळलं होतं. मामांनी त्याला दारातूनच परत लावून दिलं. ‘‘हितं दुरुस्ती न्हाय, पावणं. हितं जतन हाय.’’ आणि पाहुण्यांशी माझी ओळख काय करून देतात माहीत आहे? ‘‘आमचे जावई, घड्याळांचे डॉक्टर!’’ अशा डॉक्टरचं काय करायचं, ज्याला पेशंटला हात लावायची बंदी आहे?

एकदा पाहुणे बसले होते तेव्हा मी अभिमानानं आबांच्या घड्याळाची गोष्ट सांगितली. मामांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘‘केस एकाची, काटे दुसऱ्याचे, डायल तिसऱ्याची. ते घड्याळ न्हवं जावईबापू, ती गोधडी!’’ सगळे हसले. आक्का, मीही हसलो. आबांवर हसलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रियाला यातलं काही सांगितलं की ती म्हणते, अप्पांचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नका. तिचं बरोबर आहे. पण मी सकाळी चिमटा धरल्यासारखी बोटं धरून बघतो. बोटं विसरायला लागलीत.

कृष्णात

---

गारगोटी
३ सप्टेंबर २०००

चि. कृष्णातास,

गोधडी म्हणाला? म्हणू दे. हुतात्मा झाल्यासारखा गप्प काय बसलास? सांगायचं होतंस त्याला, याच गोधडीत झोपून मी मोठा झालो आणि त्याच गोधडीतल्या पोराला तुम्ही जावई करून घेतलंत!

मागच्या वेळी मी गाईच्या लाथा गोड मान म्हणाले होते. ते शब्द मागं घेते. ही गाय दूधच देत नाही.

आता कान देऊन ऐक. दाजींनी आमच्या रस्त्याकडच्या खोलीला शटर बसवलंय. तिथून स्टँड दिसतो, माणसांची ये-जा आहे. पिराजीला ती एसटीडी बूथसाठी पाहिजे आहे, रोज येऊन बसतो. त्याला म्हटलंय थांब. ती मी तुझ्यासाठी ठेवलीय. पण किती दिवस थांबवू?

घड्याळ अजून मागं पडतंय.

आक्का

---

कोल्हापूर
२८ ऑक्टोबर २००१

ती. आक्का,

मध्ये वर्षभर मी लिहिलं नाही. तेच तेच काय लिहायचं? मात्र परवा जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. प्रियालासुद्धा सांगितलेलं नाही, म्हणून हे पत्र वाचून चुलीत घाल.

खंडेनवमीला या घरात तलवार, भाला, कोयता सगळं पाटावर मांडून पुजतात. मधोमध दरबारी घड्याळ असतं. या वर्षी पूजेला बसलो आणि ते बंद. मामांचा चेहरा पांढरा पडला. पुण्याहून जुनी घड्याळं जमवणारे लोक त्याचे फोटो घ्यायला येणार म्हणतात, पुस्तक काढतायत. मामांनी मला माडीवर नेलं, दार लावलं, माझी पेटी कपाटातून काढून दिली आणि म्हणाले, ‘‘उघड. चालू कर. आन जे दिसंल ते हितंच ठेव.’’

इतक्या दिवसांनी चिमटा हातात आला, तर मला आनंदानं रडायला येईल असं वाटलं होतं. मागचं झाकण उघडलं आणि बघतच राहिलो. केस जुनी, डायल जुनी, पण आतलं मशीन त्यांचं नाहीच! निराळ्या कंपनीचं, कितीतरी नंतरचं. ते आत बसावं म्हणून केसची कड कानशीनं घासलेली. म्हणजे माडीवरचं सगळ्यांत ओरिजनल घड्याळ हीसुद्धा गोधडीच.

तुटलेली स्प्रिंग बदलली, झाकण लावलं. मामा खिडकीशी पाठमोरे उभे होते. तेव्हापासून मी जेवायला त्यांच्या आधी नाहीतर नंतर बसतो. बोललो तर म्हातारा मोडेल, गप्प राहिलो तर उद्या पुण्याच्या लोकांपुढं मीही खोटा. इकडे आड, तिकडे विहीर. काय करू?

कृष्णात

---

गारगोटी
४ नोव्हेंबर २००१

चि. कृष्णातास,

काय करू म्हणून विचारतोस? अरे, देवानं त्याची शेंडी तुझ्या हातात दिलीय! माझ्या आबांच्या घड्याळाला गोधडी म्हणणारा हा माणूस जगाला फसवत बसलाय. सरळ समोर जा आणि म्हण, मामा, एक तर मला गाळा द्या, नाहीतर मी बायको घेऊन गारगोटीला चाललो. आणि अडवलंत तर तुमचं ओरिजनल मी पेठेत उघडं करीन.

पाप वाटतंय का तुला? मग पाप माझ्या नावावर लिही. मी फेडीन.

पत्र चुलीत घातलं. खोली अजून रिकामी आहे. पिराजी आता माझ्याकडं रागानं बघतो.

आक्का

---

कोल्हापूर
२ डिसेंबर २००१

ती. आक्का,

तू सांगितलंस तसा मी गेलो. तुझेच शब्द पाठ करून गेलो. मामा आरामखुर्चीत होते. मी ‘‘मामा, त्या घड्याळातलं मशीन...’’ एवढंच म्हणालो आणि त्यांनी हात वर करून मला बसवलं. जणू या दिवसाची ते वाटच बघत होते.

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो.

‘‘प्रियाची आई, धोंडुबाई, नवी नवरी हुती तवा. खंडेनवमीला माझ्या आईनं सांगितलं, घरातली समदी हत्यारं धुऊन पाटावर मांड. तिनं तलवार धुतली, भाला धुतला. शेजारीच घड्याळ ठेवलेलं. तिला काय ठावं? झाकणं उघडून रिठ्याच्या पाण्यात बुडवून घासलं बघ तिनं. लख्ख केलं. हळदकुंकू लावून पाटावर ठेवलं आन माझ्याकडं बघून हसली. आमचा बा कसा माणूस हुता तुला न्हाय सांगता यायचं. कळलं असतं तर त्याच दिशी तिला माहेरी घालवली असती, आन परत आणू दिली नसती. मी रातोरात मुंबई गाठली. आतलं पार गंजाय लागलेलं. दुसरं मशीन घालून आणलं. बा मरंस्तवर त्याला चावी देत हुता, त्याला कळलं न्हाय. पुढं लोक बघाय याय लागले. मी ओरिजनल म्हणत गेलो. म्हणता म्हणता समद्या घड्याळांस्नी तोच न्याय लावीत गेलो.’’

मी विचारलं, मग मला कशाला आणलंत? म्हणाले, ‘‘कवातरी ते बंद पडणार हुतं. भायेरच्या कारागिरानं उघडलं असतं तर पेठभर झालं असतं. गारगोटीच्या स्टँडवर तुझा हात बघितला आन ठरवलं, कारागीर घरातलाच करायचा.’’

म्हणजे आक्का, मला या घरात आणलं ते माझ्या हातासाठीच, आणि आणून तोच हात बांधून ठेवला. मला राग यायला हवा होता. पण त्यांनी सांगितलं की त्यानंतर धोंडुबाई जन्मभर खंडेनवमीला पाटाजवळ आल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारातून हात जोडायच्या. हे बोलताना मामा रडले, आणि माझ्या तोंडातले तुझे शब्द तिथंच विरले.

मग त्यांनी घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि जोतिबाची आण घ्यायला लावली. कुणाला सांगायचं नाही, प्रियाला तर नाहीच, तिच्या आईला कुणी नाव ठेवता कामा नये. मी आण घेतली. तुला सांगून ती लगेच मोडलीही. जोतिबा मला बघून घेईल.

शेंडी हातात आली म्हणत होतीस ना? माझाच हात त्या शेंडीत अडकलाय. आता निघालो तर त्यांना वाटणार, हा बाहेर जाऊन बोलेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खोली पिराजीला देऊन टाक.

कृष्णात

---

गारगोटी
१० फेब्रुवारी २००२

चि. कृष्णातास,

तुझं पत्र आलं त्यानंतर दोन महिने मी थांबले. वाटलं, पोरगं एखाद्या दिवशी दारात उभं राहील. आला नाहीस. परवा पिराजीला किल्ली दिली.

त्या धोंडुबाईचं फार वाईट वाटलं. बिचारीनं श्रद्धेनं धुतलं आणि जन्मभर दारात उभी राहिली. तुझ्या मामांचंही वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? बायको वाचवली त्या माणसानं. पण माझ्या भावाचं जास्त वाईट वाटतं. त्यांनी एक घड्याळ झाकायला एक जिता माणूस लावलाय.

आक्का

---

कोल्हापूर
१८ जानेवारी २००४

ती. आक्का,

पुण्याचे लोक येणार येणार म्हणत अखेर या महिन्यात आले. त्यांनी दरबारी घड्याळाचे फोटो काढले आणि मागचं झाकण उघडायला सांगितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं होऊन म्हणालो, ‘‘हे झाकण आजवर उघडलेलं नाही. उघडलं तर त्याचा ओरिजनलपणा गेला म्हणून समजा.’’ इतक्या सहज बोललो की त्यांनी माना डोलावल्या आणि मला नमस्कार केला. ते गेल्यावर मामा त्यांच्या खुर्चीतून उठले आणि मला तिथं बसवलं. आता आल्या-गेल्याला माहिती मीच सांगतो. लोक ऐकतात.

प्रियानं एकदा विचारलं, आई खंडेनवमीला पाटाजवळ का येत नसे, तुम्हाला अप्पा काही बोललेत का? मी नाही म्हणालो. तेही सहज जमलं.

कंडक्टरच्या हाती तू पाठवलेलं आबांचं घड्याळ मिळालं. यावेळी ते नुसतं मागं पडलेलं नाही, पार बंद आहे. बॅलन्सची दांडी मोडलीय. आतलं चाक असतं ना, झोके घेणारं, ते. तो भाग आता बाजारात मिळत नाही. दुसऱ्या घड्याळातला काढून घालता येईल, पण आता त्यात आणखी काही बदलू नये असं वाटतं. काचेच्या कडेला आबांच्या हाताचा मळ अजून तसाच आहे. ते मी माडीवरच्या कपाटात मखमलीवर ठेवलंय. छान दिसतं. कधी आलीस तर बघ.

कृष्णात

---

गारगोटी
१ फेब्रुवारी २००४

कृष्णात,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून, आणि दुसऱ्यांदा सही बघायला. हे माझ्या भावानं लिहिलंय की बाळासो इंगवल्यांनी?

मखमलीवर? आबांचा मळ जपायचा असता तर मीच डब्यात घालून जपला असता. मला घड्याळ पाहिजे. मला दाजींचा डबा करायचा असतो, गाडी कधी येते ते बघायचं असतं.

आता खरं सांगते, ऐक. आबांचं घड्याळ मागं पडतंय असं मी इतकी वर्षं लिहीत होते ना? ते कधीच मागं पडत नव्हतं. एका मिनिटानंसुद्धा नाही. तू यावास म्हणून लिहीत होते. दरवेळी वाटायचं, बाकी कशाला नाही तरी घड्याळाला तरी येईल. आता ते खरंच बंद पडलं, तुझ्या हातात आलं, आणि तू ते कपाटात ठेवलंस.

ते परत पाठव. पिराजीच्या बूथशेजारी एक जण टेबल मांडून बसतो, घड्याळं दुरुस्त करतो. हात जड आहे त्याचा. पण हात लावतो तरी.

आक्का

---

कोल्हापूर
४ फेब्रुवारी २००४

ती. आक्का,

तुझं पत्र आज सकाळी आलं. वाचलं आणि तसाच मामांकडं जाऊन पेटीची किल्ली मागितली. त्यांनी कशाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, बहिणीचं घड्याळ करायचंय. काय दिसलं त्यांना माझ्या तोंडावर कुणास ठाऊक, किल्ली दिली.

माडीवर दुसऱ्या कपाटात एक फेवर लुबा आहे. एका कॅप्टनच्या घरून आलेलं, कधीही न उघडलेलं, सगळं जिथल्या तिथं. ते मी बाहेर काढलं आणि मामांच्या समोर बसून त्याचं मागचं झाकण उघडलं. मामा ओरडले, ‘‘अरं, ते ओरिजनल हाय!’’ मी म्हणालो, ‘‘व्हय मामा. आता ह्ये आबांच्या घड्याळात चालंल.’’ आणि त्याचा बॅलन्स काढला.

चिमट्यातून स्क्रू दोनदा निसटला. भीतीनं नाही, सवय गेलीय म्हणून. मामा खुर्चीतून उठले. वाटलं, आता मला घराबाहेर काढणार, आणि खरं सांगतो, काढावं असंच वाटत होतं. ते टेबलापाशी आले, खिडकीचं दुसरं दार उघडून उजेड केला आणि म्हणाले, ‘‘हळू. स्क्रू पडंल.’’

आबांचं घड्याळ चालू झालं. मामांनी ते कानाला लावून बघितलं. आता त्यात चौथ्या घड्याळाचाही तुकडा लागलाय. नंतर त्यांनी जिन्यातून प्रियाला हाक मारली. ती वर आली तेव्हा म्हणाले, ‘‘बस. तुझी आई खंडेनवमीला पाटाजवळ का येत न्हवती, ते सांगतो.’’

मी पेटी उचलली आणि खाली आलो. ती दोघं अजून माडीवर बोलतायत आणि मी खाली बसून हे पत्र लिहितोय. प्रिया रडतेय, पण मध्येच हसल्याचाही आवाज आला.

रविवारी पहिल्या गाडीनं येतोय, पेटी घेऊन. त्या जड हाताच्या माणसाला विचारून ठेव, टेबलाची एक बाजू देतो का. आबांचं घड्याळ माझ्या मनगटावर आहे. आल्यावर डेपोतल्या घड्याळाशी लावून बघू. आणि मागं पडलं तर यावेळी मात्र खरं सांग.

तुझा,
कृष्णात